सतरा नंबरची कोठडी

अण्णांनी तो प्रश्न विचारला तेव्हा आमच्या गटातली निम्मी माणसं भिंतीवरच्या हाताकडे बघत होती आणि उरलेली आपला नंबर कधी लागतो म्हणून टाचा उंचावत होती. कोठडी अरुंद, दार बुटकं, त्यावर जाड लोखंडी पट्ट्यांची जाळी. त्या जाळीतून एका वेळी दोन-तीन डोकी मावतात. आत गिलाव्याच्या भिंतीवर, जरा उंचावर, मळकट करड्या रंगाचा एक पंजा. बोटं ओळखू येतात, अंगठ्याचं मात्र नीट सांगता येत नाही. गाइड मुलीने आवाज खाली आणून हाताची गोष्ट संपवली. एक छोटी मुलगी आईला बिलगली. आणि साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले माझे सासरे, हात मागे बांधून, खणखणीत आवाजात म्हणाले, "मॅडम, वॉज देअर एनी आयरिश मॅन इन द जूरी?" मुलगी क्षणभर थांबली. "नो सर. नॉट अ सिंगल वन." मग ती पुन्हा हसऱ्या चेहऱ्याने सगळ्यांना घेऊन पुढे निघाली, कारण पुढे फाशीचा सांगाडा होता आणि मागून पुढचा गट येत होता.

पेनसिल्व्हेनियातलं जिम थॉर्प हे गाव न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला सांगावं लागत नाही. ऑक्टोबरचा दुसरा-तिसरा शनिवार आला की व्हॉट्सॲपवर पानांचे फोटो फिरायला लागतात आणि आपण सगळे एकाच दिवशी निघतो. नदीकाठच्या पार्किंगच्या रांगेत काचा खाली केल्या की "अरे, जॅकेट घेतलंस का?" आणि "आधी खाऊन घेऊ या" हे दोन्ही बाजूंनी ऐकू येतं. लीहाय नदीच्या दरीत, डोंगराच्या दोन भिंतींमध्ये कोंबलेलं गाव. ब्रॉडवे नावाचा चिंचोळा रस्ता चढत जातो; दोन्ही बाजूंना जुनी बिनफटीची घरं, खाली दुकानं, वर लोखंडी गॅलऱ्या. स्टेशनच्या वरच्या टेकडीवर आसा पॅकरचा वाडा. कनेक्टिकटहून आलेला आणि सुतारकाम शिकलेला हा माणूस लीहाय व्हॅली रेल्वेचा मालक झाला आणि १८६१ साली त्याने हा वाडा बांधला. खाली उभं राहून वर बघितलं की वाडा दिसतो, आणि मला नेहमी वाटतं, वरून खाली बघणाऱ्यालाही अख्खं गाव असंच दिसत असणार. हॉटेलं भरलेली, फनेल केकचा तेलकट-गोड वास, कुठेतरी फिडल वाजतंय. दुकानांत हिरवे टी-शर्ट, हिरवे मग, तीन पानांचा शॅमरॉक. मॉली मग्वायर या जुन्या आयरिश टोळीचं नाव छापलेल्या टोप्यासुद्धा. ब्रॉडवे चढून दम लागायला लागतो तिथे दगडी तुरुंग उभा आहे. १८७१ मध्ये पुरा झाला आणि १९९५ पर्यंत त्यात खरोखरचे कैदी होते. आता तिकीट काढून आत जायचं.

आत गेलो ते अण्णांच्या हट्टामुळे. त्यांना पानांत फारसा रस नव्हता. "आमच्या ठोसेघरला या पावसाळ्यात," एवढंच ते म्हणाले. पण 'जेल' ही पाटी वाचल्यावर त्यांची चाल बदलली.

गावाचं तेव्हाचं नाव मॉक चंक. कार्बन काउंटीचं मुख्य ठाणं. काउंटीचं नावच कार्बन, म्हणजे इथे काय निघायचं ते वेगळं सांगायला नको. अँथ्रासाइट, कडक, चकाकणारा, कमी धुराचा कोळसा. तो खाणीतून निघायचा वरच्या डोंगरांत, समिट हिल आणि लॅन्सफर्डच्या बाजूला, आणि गुरुत्वाकर्षणावर धावणाऱ्या गाड्यांनी खाली नदीपर्यंत यायचा. १८४५ नंतरच्या दुष्काळात आयर्लंडहून जी माणसं पळाली त्यातली बरीच इकडे आली. या भागात डोनेगलसारख्या पश्चिमेकडच्या गरीब भागातली पुष्कळ. अनेकांच्या घरात आयरिश भाषाच बोलली जायची. त्यांना खाणकाम येत नव्हतं. वेल्समधून आलेले लोक पिढीजात खाणकरी, त्यामुळे कोळसा फोडायचं काम त्यांचं, आणि फोडलेला गाड्यांत भरायचं काम यांचं. मजुरी त्या खाणकऱ्याच्या हातून मिळायची. देखरेखीवर पुन्हा वेल्श किंवा इंग्लिश मुकादम. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं. महिन्याच्या शेवटी दुकानाची उधारी, घरभाडं, सुरुंगाची दारू, दिव्याचं तेल, सगळं वजा होऊन काही वेळा हातात नुसता हिशेबाचा कागद पडायचा. आठ-नऊ वर्षांची पोरं ब्रेकरमध्ये, म्हणजे कोळसा फोडून निवडायच्या गिरणीत, घसरगुंडीवर ओणवी बसून वाहत्या कोळशातून दगड वेचायची. हातमोजे घालायची बंदी, कारण मोज्यांनी दगड ओळखू येत नाही. त्यामुळे पहिले काही आठवडे बोटं सुजून, चिरून लाल व्हायची. १८६९ साली ॲव्हनडेलच्या खाणीला आग लागली. बाहेर पडायला एकच वाट, तीच पेटलेली. ११० माणसं गेली.

आता मॉली मग्वायर. इथे लिहिताना हात अडखळतो, कारण या लोकांनी स्वतःबद्दल जवळजवळ काहीच लिहून ठेवलेलं नाही. आयर्लंडमध्ये जमीनदारांच्या कारभाऱ्यांना रात्री बायकांचे कपडे घालून गाठणाऱ्या गुप्त टोळ्या होत्या, त्यातलं हे नाव. पेनसिल्व्हेनियात ते कोणी लावून घेतलं आणि कोणी दुसऱ्यांवर लावलं याचा वाद अजून मिटलेला नाही. मुकादमांना शवपेटीचं चित्र काढलेल्या धमकीच्या चिठ्ठ्या यायच्या, हे खरं. १८७१ मध्ये समिट हिलला मॉर्गन पॉवेल नावाच्या खाण-अधिकाऱ्याला गोळी घातली गेली. ३ सप्टेंबर १८७५ ला लॅन्सफर्डमध्ये जॉन पी. जोन्स सकाळी कामावर निघाला होता, त्याला वाटेत गाठून मारलं. त्यालाही घर होतंच. टी-शर्टवर हिरव्या अक्षरांत 'मॉली' वाचताना मला हे आठवतं आणि ते तसं आठवावं असंही वाटतं.

पण १८७५ हे साल नुसतं खुनांचं नव्हतं. त्याच वर्षी जानेवारीपासून जूनपर्यंत खाणकामगारांचा लांबलेला संप झाला आणि लोकांची उपासमार होऊन तो मोडला. संप मोडणारा मुख्य माणूस फ्रँकलिन गोवेन, रीडिंग रेल्वेचा अध्यक्ष. रेल्वेही त्याची आणि खाणीही त्याच्याच. त्याला कामगारांची संघटना आणि गुप्त टोळी ही दोन्ही एकच आहेत असं जगाला दाखवायचं होतं. त्यासाठी त्याने पिंकर्टन या खासगी हेर कंपनीला आधीच, १८७३ मध्ये कामाला लावलं होतं. पिंकर्टनने पाठवलेला हेर जेम्स मॅकपार्लंड, आर्मा परगण्यातला, आयरिश कॅथलिक. तो जेम्स मकेना नावाने सुमारे अडीच वर्षं या लोकांत राहिला. त्यांच्या गुत्त्यांत गायचा, नाचायचा, मारामाऱ्या करायचा, दारू पाजायचा. डिसेंबर १८७५ मध्ये विगन्स पॅच या वस्तीत तोंडं झाकलेल्या टोळक्याने मध्यरात्री एका घरात घुसून चार्ल्स ओडॉनल आणि त्याची गरोदर बहीण एलन यांना ठार केलं. त्या घराची नावं बाहेर कशी गेली, यावर तेव्हापासून बोट मॅकपार्लंडच्या अहवालांकडे जातं. त्या खुनांसाठी कोणालाही शिक्षा झाली नाही.

आणि गंमत म्हणजे गोवेनचा बापही आयर्लंडहूनच आलेला. फक्त प्रोटेस्टंट.

घरी परतताना, रूट ८० वर गाड्यांची रांग इंच-इंच सरकत असताना, अण्णांनी मला फोनवर खटल्याबद्दल वाचायला लावलं. त्यांना भुताखेतांचं काही नको होतं. "आरोपपत्र कोणी ठेवलं? सरकारी वकील कोण?" मी वाचत गेले आणि ते समोरच्या काचेकडे बघत ऐकत राहिले. पकडणारे पोलीस कंपन्यांच्या पगारावरचे, कोल अँड आयर्न पोलीस. तपास खासगी हेर कंपनीचा. सरकार पक्षाच्या टेबलावर बसलेले वकील कोळसा आणि रेल्वे कंपन्यांचे. शेजारच्या पॉट्सव्हिलमधल्या खटल्यांत तर खुद्द गोवेन उभा राहिला. मॉक चंकमध्ये चार्ल्स अल्ब्राइट, कोळसा कंपनीचा वकील, यादवी युद्धातला जनरल. तो कोर्टात लष्करी गणवेश घालून आला. ज्यूरीत बहुतेक जर्मन वंशाचे शेतकरी, त्यातल्या काहींना इंग्रजी धड कळत नसे. "म्हणजे सरकारचं काय होतं त्यात?" अण्णांनी विचारलं. मी म्हटलं, "कोर्टाची खोली आणि जल्लाद." हे वाक्य माझं नव्हे, त्याच काउंटीत शंभर वर्षांनी न्यायाधीश झालेल्या एका आयरिश आडनावाच्या माणसाने या खटल्यांबद्दल असंच काहीसं म्हणून ठेवलंय. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ज्यूरी म्हटलं की आपल्याकडे लोकांना नानावटीच आठवतो. आठ विरुद्ध एक, निर्दोष. लोक म्हणतात ज्यूरी भावनेला बळी पडली. इथे काय झालं, तर ज्यूरी भावनेलाच बसवली होती."

जोन्सच्या खुनात माफीचा साक्षीदार होता जिमी केरिगन. 'माफीचा साक्षीदार' म्हटल्याबरोबर अण्णा सावरून बसले. केरिगन स्वतः त्या कटात होता. मायकेल डॉईल आणि एडवर्ड केली या दोघांबरोबर त्याच दिवशी टमाक्वाजवळ पकडला गेला. मग त्याने सगळ्यांची नावं सांगितली आणि स्वतः सुटला. दुसऱ्या एका खटल्यात, टमाक्वाच्या पोलिसाच्या खुनात, त्याच्या सख्ख्या बायकोने कोर्टात उभं राहून साक्ष दिली की खून तिच्या नवऱ्यानेच केलाय आणि खापर निरपराध लोकांवर फोडतोय. ज्यूरीने तिचं मानलं नाही. अलेक्झांडर कॅम्पबेल, डोनेगलच्या डंग्लोचा, लॅन्सफर्डजवळ गुत्ता चालवणारा. पॉवेल आणि जोन्स, दोन्ही खुनांच्या जागी तो नव्हता, तसा आरोपही नव्हता. कट त्याच्या गुत्त्यात शिजला म्हणून त्याला खुनाचीच शिक्षा.

२१ जून १८७७, गुरुवार. मॉक चंकच्या तुरुंगात चार जणांना एकाच वेळी फाशी दिली. कॅम्पबेल, डॉईल, केली आणि जॉन डोनाह्यू. त्याच दिवशी पॉट्सव्हिलला सहा. पुढच्या दोन वर्षांत हा आकडा वीसवर गेला. मॉक चंकला फाशीचा सांगाडा बाहेर मैदानात नव्हता, कोठड्यांच्या मधल्या उंच दालनातच उभारला होता. आज तिथे त्याची प्रतिकृती आहे, चार दोर लोंबणारी. वर काचेच्या छतातून उजेड येतो, दोन मजल्यांवर कोठड्यांची दारं. म्हणजे उरलेल्या कैद्यांना सुतारकाम ऐकू येत असणार. कोणत्या खिळ्याला किती ठोके बसले तेही. मी सांगाड्याखाली उभी होते तेव्हा एका कुटुंबाला ग्रूप फोटो हवा होता. मी बाजूला झाले.

मला त्या इमारतीत खरं हादरवलं ते मात्र हाताने नव्हे, एका तारेने. जानेवारी १८७९. मॉली ठरवलेल्या मॅकडॉनल आणि शार्प या दोघांची फाशी ठरलेली. गव्हर्नरने शेवटच्या घटकेला ती पुढे ढकलली आणि हॅरिसबर्गहून तार सुटली. तारवाला ती घेऊन तुरुंगाच्या दाराशी पोचला. आत फळी पडली होती. काही क्षणांचा फरक. गाइड हे दोन वाक्यांत सांगते, कारण यात भूत नाही.

भूत आहे ते सतरा नंबरमध्ये. गोष्ट अशी की फाशीला जाण्याआधी कॅम्पबेलने (कोणी म्हणतं थॉमस फिशर या फाशी गेलेल्या दुसऱ्या मॉलीने) जमिनीवरच्या मातीत पंजा घासून भिंतीवर मारला आणि सांगितलं, मी निर्दोष आहे याची खूण म्हणून हा इथून जाणार नाही. मग १९३० साली एका शेरिफने गिलावा खरवडून नवा केला, सकाळी पंजा परत हजर. १९६० साली दुसऱ्याने वरून हिरवा रंग मारला. तरीही आला म्हणतात. मला त्या पंजाबद्दल अविश्वासही नाही आणि विश्वासही नाही. मला त्याचा थोडा राग आहे. तो सगळ्यांची सोय करतो. निर्दोष की दोषी, या प्रश्नाचं उत्तर त्याने परस्पर देऊन टाकलंय, त्यामुळे पुरावा, साक्षी, ज्यूरी यातलं काही बघायची गरजच उरत नाही. गोवेनच्या वंशजाला आणि कॅम्पबेलच्या वंशजाला शेजारी उभं राहून तो बघता येतो, दोघांच्या अंगावर सारखाच काटा येतो. पण हेही खरं की पंजा नसता तर हा तुरुंग कदाचित टिकला नसता, आणि अण्णांना प्रश्न विचारायला जागाच मिळाली नसती.

आज मार्चमध्ये याच ब्रॉडवेवरून सेंट पॅट्रिक्स डेची मिरवणूक जाते. बॅगपाइप, हिरव्या टोप्या, कडेला बिअरचे कप. पण या डोंगरांत कितीतरी घरांनी दोन-तीन पिढ्या हा विषयच काढला नाही. त्या वेळी फिलाडेल्फियाच्या आर्चबिशप वुड यांनी मॉलींना बहिष्कृत केलं. शहरांतल्या सुस्थितीतल्या आयरिश लोकांनी हात झटकले. ते साहजिकच होतं. त्यांना बँकेत, पोलिसात, नगरपालिकेत शिरायचं होतं, आणि हे खाणीतले दाढीवाले त्यांची अब्रू घालवत होते. हा आवाज मी ओळखते. आमच्या मंडळाच्या दिवाळीत, फराळाच्या टेबलाशी, तो दर वर्षी ऐकू येतो. "आपण रीतसर आलो. आपण शिकलेले. त्यांच्यामुळे आपल्याला ऐकून घ्यावं लागतं." ते 'त्यांच्या' कोण, हे बोलणाऱ्याप्रमाणे बदलतं. मीही तिथे चकली खात मान डोलावलेली आहे. गोवेन, मॅकपार्लंड, आर्चबिशप, या तिघांत खलनायक शोधण्यापेक्षा ती मान मला जास्त कळते. आयरिशपणाचा हिरवा टी-शर्ट बाजारात यायला आधी आयरिश असल्याची भीती संपावी लागते, आणि ती संपल्यावरच फाशी गेलेल्याचा पणतू उजळ माथ्याने पुढे येतो. तसा एक आला. गिरार्डव्हिलचा जॉन केहो, ज्याला मॉलींचा राजा ठरवून १८७८ च्या डिसेंबरात पॉट्सव्हिलला फाशी दिलं, त्याच्या पणतवाने खटपट केली आणि १९७९ मध्ये गव्हर्नर शॅप यांनी केहोला मरणोत्तर माफी दिली. विगन्स पॅचला मारली गेलेली एलन ही केहोच्या बायकोची बहीण. त्या घराने काय काय पचवलं असेल!

गावाच्या नावाचंही एक आहे. कोळसा संपला, रेल्वे झोपली, १९५० च्या सुमारास गावातले लोक उद्योग यावेत म्हणून आठवड्याला एक निकेल, पाच सेंट, वर्गणी काढत होते. तेवढ्यात १९१२ च्या ऑलिंपिकचा वीर जिम थॉर्प वारला आणि त्याच्या तिसऱ्या बायकोने सौदा केला: देह तुम्हाला, नाव गावाला. १९५४ पासून मॉक चंक झालं जिम थॉर्प. तो सॅक अँड फॉक्स जमातीचा, ओक्लाहोमाचा. या गावाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. त्याच्या मुलांनी देह परत मिळावा म्हणून केलेला दावा सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत जाऊन २०१५ मध्ये संपला. गावच जिंकलं. आणि या थॉर्पच्या बापाचा बाप? आयरिश. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा मनापासून हसले. म्हणाले, "घ्या! एवढ्या आयरिश लोकांना फासावर चढवलं आणि शेवटी नाव कोणाचं लावलं!"

अण्णा साताऱ्याला परतले तरी खटला संपला नाही. रविवारच्या फोनवर नातवंडांची चौकशी झाली की विचारायचे, "त्या तारेचं काही सापडलं का? किती वाजता सुटली, किती वाजता पोचली?" मी जे मिळेल ते पाठवत राहिले, ते चष्मा लावून टॅबवर वाचत राहिले. शेवटी एका रविवारी त्यांनी आपलं मत दिलं, अगदी ऑर्डर डिक्टेट करावी तसं. कॅम्पबेलला ते सोडणार होते. तो जागेवर नव्हता, आणि माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला दुसरा स्वतंत्र पुरावा जोडल्याशिवाय फाशी देता येत नाही, मॅकपार्लंडला स्वतंत्र म्हणायला ते तयार नव्हते. केहोच्या माफीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. "पण डॉईल आणि केली," ते म्हणाले, "त्यांना मी सोडलं नसतं. फाशी नसती दिली. पण सोडलं नसतं."

मी म्हटलं, "अण्णा, त्यांच्या ज्यूरीतही एक आयरिश नव्हता."

"ते मला माहितेय," अण्णा म्हणाले. "म्हणून तर खटला पुन्हा चालवा म्हणतोय. चांगली ज्यूरी बसवा आणि मग द्या शिक्षा."